थोरली कुठली, धाकटी कुठली

रंगारी सामान आवरून निघून गेले आणि अर्ध्या तासाने फिटरच्या लक्षात आलं, की यार्डात दोन काळीभोर, चकचकीत इंजिनं उभी आहेत आणि त्यांतलं कुठलं कुठलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यालासुद्धा नाही.

खरं तर त्याने काळजी घेतली होती. रेल्वेच्या संग्रहालयात बावीस वर्षं काढलेला माणूस काळजीशिवाय दुसरं काय घेणार? लहानमोठी चौदा इंजिनं आणि त्या सगळ्यांचं तेलपाणी, घासपूस, पॉलिश एकट्याच्या अंगावर. त्यांतली चारशे आठ आणि चारशे नऊ ही दोन एकाच कारखान्यात, एकाच वर्षी तयार झालेली. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. धाकटीचं नशीब मोठं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या पुरात तीनशे प्रवाशांनी भरलेली गाडी तिने पुलावरून मागे ढकलत आणली होती, आणि त्यानंतर अर्ध्या तासात तो पूल वाहून गेला होता. म्हणून ती मुख्य दालनात, दिव्यांच्या झोतात, चारी बाजूंनी दोरी लावून उभी असे. समोर 'हात लावू नये' अशी पाटी. ती फिटरनेच रंगवलेली.

थोरलीच्या नावावर असलं काही नव्हतं. तिचा जन्म मालगाड्या ओढण्यात गेला आणि म्हातारपण मागच्या यार्डात, पत्र्याखाली. तिच्यावर पोरं चढत, उड्या मारत, घंटा बडवत. धुरांड्यात एक कबुतरांचं जोडपं राहायचं.

संग्रहालयाला तीस वर्षं पूर्ण होणार म्हणून मॅडमनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, दोघींनाही नवा रंग द्यायचं ठरवलं. दालनाची फरशी बदलायची होती, तेव्हा धाकटीलाही ट्रॅक्टरने ओढून यार्डात आणलं. फिटरने दोघींच्या केबिनच्या बाजूंवरच्या पितळी नंबरपाट्या उतरवून पॉलिशला घेतल्या. घोटाळा नको म्हणून एकीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर खडूने आठ लिहिलं, दुसरीच्या पट्टीवर नऊ. वर थोरली डावीकडे आणि धाकटी उजवीकडे, हेही मनात पक्कं करून ठेवलं. यापेक्षा जास्त माणूस काय करणार?

त्याने रंगाऱ्याला फोन लावला.

"अहो, पुढे खडूने आकडे लिहिले होते ना मी?"

"ते तुम्ही लिहिलेले होय? मला वाटलं पोरांचा उद्योग. घासून घासून काढले बघा. डागसुद्धा ठेवला नाही."

"बरं, पण डावीकडची डावीकडेच आहे ना?"

"साहेब, उन्हात रंगाला फोड येतात. मी ट्रॅक्टरवाल्याला सांगून दोन्ही शेडमागच्या सावलीत घेतली. काम झाल्यावर परत आणून लावली जागेवर."

"ज्याच्या त्याच्या जागेवर?"

"म्हणजे काय! दोन रूळ, दोन इंजिनं. एकही बाहेर राहिलं नाही."

फिटरने फोन ठेवला आणि उलट्या बादलीवर बसकण मारली. थोरलीच्या अंगावरचे पोचे, गंज, पोरांनी कोरलेली नावं या सगळ्यांवर रंगाऱ्याने मन लावून पुट्टी भरली होती. केबिनमध्ये मॅडमनी दोन्हीकडे सारखेच नवे, वाफेचा दाब दाखवणारे काटे आणि काचा बसवून घेतल्या होत्या. दोघी न्हाऊनमाखून शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि बावीस वर्षं ज्याने त्यांचं अंग पुसलं, त्याला आपली ओळखता येत नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

एरवी त्याने डोळे मिटून एक पाटी इकडे आणि एक तिकडे ठोकली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण कळणार होतं, आणि तेही नेमकं बायकोच्या बापाला.

त्याचे सासरे धाकटीचे ड्रायव्हर. त्या काळी प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचं इंजिन असे. धाकटी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होती. पुरातून गाडी मागे आणली ती त्यांनीच. संग्रहालयाच्या उद्‌घाटनाला त्यांना मानाने बोलावलं, तेव्हा ते केबिनमध्ये चढले, आपल्या जागेवर बसले, खिडकीपाशी जरा चाचपडले आणि पाच मिनिटांत खाली उतरून सगळ्यांदेखत म्हणाले, "ही माझी गाडी नाही." आणि तडक घरी गेले. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. कशावरून नाही म्हणता, असं कुणी विचारलं, की एकच उत्तर: "नाही म्हणजे नाही." लोकांनी ते आधी रागावर घातलं आणि पुढे वयावर. जावई तिथेच नोकरीला लागला तेव्हा तर त्यांनी त्याचं नावच पाडलं, पावडरवाला. "आमचे जावई म्हाताऱ्या इंजिनांना पावडर लावतात," असं ते आल्यागेल्याला सांगत.

त्यांची तिसरी मुलगी, म्हणजे फिटरची बायको, इतकी वर्षं त्यांची मनधरणी करत होती. आता ते चौऱ्याऐंशीचे झाले होते, आणि या वर्षी कसे कोण जाणे, विरघळले. "तुझ्यासाठी येतो," म्हणाले, "पण चढलो की खरं तेच बोलणार." बायकोने तेवढ्यावर आनंदाने डोळे पुसले होते. मॅडमनी निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव छापलं होतं. समारंभ परवावर आला होता.

फिटरने कंबर कसली. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लांब दांड्यांवर नंबर ठोकलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने एका इंजिनाच्या डाव्या दांडीवरचा रंग हलक्या हाताने खरवडला. चारशे आठ! त्याचा जीव भांड्यात पडला. खात्री असावी म्हणून उजवी दांडी खरवडली. चारशे नऊ. दुसऱ्या इंजिनाची डावी दांडीही चारशे नऊ निघाली आणि उजवी तर चारशे बाराची, जे इंजिन या संग्रहालयात कधी आलंच नव्हतं. जुन्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी जो भाग हाताला लागेल तो बसवून गाडी बाहेर काढत. त्याने पुन्हा रंगाचा हात मारला.

मग त्याने कपाटातून पुरानंतरचा फोटो शोधून काढला. फोटो सुरेख होता. इंजिनासमोर अकरा अधिकारी खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्यांच्या टोप्यांच्या वर इंजिनाचं फक्त धुरांडं दिसत होतं. ज्याने गाडी वाचवली तो ड्रायव्हर फोटोत नव्हताच.

"एवढं काय त्यात," वॉचमन म्हणाला. त्याला विश्वासात घ्यावंच लागलं होतं, कारण तो मघापासून मागे उभा राहून सगळं पाहत होता. "कबुतरांना विचारा की. थोरलीच्या धुरांड्यात त्यांचं घर आहे. माणूस घर विसरेल, पाखरू नाही विसरत."

फिटरला ते पटलं, यावरून तो किती घायकुतीला आला होता हे कळावं. दोघे भिंतीच्या कडेला दबून बसले. पाऊण तासाने कबुतरं आली. नर डावीकडच्या धुरांड्यावर बसला आणि मादी उजवीकडच्या. दोघांनी बराच वेळ एकमेकांना काहीतरी सुनावलं आणि मग दोघंही उडून तिकीटघराच्या छपरावर जाऊन बसली.

"यांच्यात एकमत नाही," वॉचमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी फिटर वाट वाकडी करून सासऱ्यांकडे गेला. समोर चहा आला. बशीकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "मामा, तुमच्या गाडीची काही खूण होती का हो? म्हणजे हीच ती, असं ओळखता येईल असं काही?"

सासऱ्यांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी आपलं..."

"खूणबीण काही नाही! गाडी सरकारची असते, जावईबापू. तिच्यावर खुणा करणारा माणूस मी नव्हे. माझ्याबरोबर कोळसा टाकायला होता ना, त्याने दारावर खिळ्याने नाव कोरलं, तर मी त्याचा रिपोर्ट केला होता. सख्ख्या भावासारखा होता तो. तरी केला!"

"तसं नाही, मामा..."

"तुम्ही पावडर लावा. चौकश्या नकोत."

एवढ्याशा प्रश्नाचा त्यांना एवढा राग का यावा, ते फिटरला कळेना. त्याने चहा संपवला आणि निघाला.

संग्रहालयाच्या दारातच मॅडम भेटल्या. एका हातात पाहुण्यांची यादी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर मांडववाला. "कुठे होतात तुम्ही? ट्रॅक्टरवाला तासभर खोळंबलाय. चारशे नऊ आत घ्या आणि पाट्या चढवा. मला दुपारी पत्रकारांना दाखवायचंय."

"मॅडम, एक जरा बोलायचं होतं. चारशे नऊबद्दलच..."

"रंग छान झालाय. मी पाहिला. शाब्बास!" आणि त्या मांडववाल्यावर ओरडत पुढे गेल्या.

यार्डात ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर सुरू ठेवून बसला होता. "बोला फिटर, कुठलं नेऊ?"

फिटरने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वॉचमनने आभाळाकडे पाहिलं.

"दाराजवळ कुठलं आहे?" फिटरने विचारलं.

"हे."

"मग हेच."

अशा रीतीने चारशे नऊ नंबर ठरला. फिटरने पाट्या आवळल्या, दोरी लावली आणि 'हात लावू नये' समोर आणून ठेवली. दुसरं इंजिन पत्र्याखाली गेलं आणि तासाभरात तिथे कुठल्याशा शाळेची सहल येऊन पोरांनी घंटा बडवायला सुरुवात केली. फिटर लांबून ते ऐकत राहिला. तिथे जर धाकटी असेल, तर तीनशे माणसं वाचवल्याचं हेच का फळ, असं त्याच्या मनात आलं.

समारंभाच्या सकाळी बायको त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. ती स्वतःशी गुणगुणत होती, आणि ते ऐकून त्याला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. खडू, सावली, दांड्या, कबुतरं. तिची इस्त्री हवेतच राहिली.

"म्हणजे यातली कुठली बाबांची ते तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"आणि ते चढून म्हणाले, माझी नाही, तर?"

"तर या वेळी ते बरोबरही असतील."

ती खुर्चीवर बसली. "तीस वर्षं मी लोकांना सांगतेय, बाबांचं मनावर घेऊ नका. आणि आज पहिल्यांदा ते आपण होऊन येतायत. आता आणखी किती वर्षं आहेत हो त्यांच्याकडे?"

"मी मॅडमना सांगतो," तो म्हणाला, "समारंभ पुढे ढकला म्हणतो."

"मुळीच नाही," ती उठत म्हणाली. "ते निघालेत. सगळ्यात चांगला कोट घातलाय त्यांनी. तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. जे व्हायचं ते होऊ दे." आणि इस्त्री केलेल्या शर्टावरच तिने पुन्हा इस्त्री फिरवली.

दालन गच्च भरलं होतं. भाषणं झाली. मॅडमनी पुराची हकिगत इतक्या रंगात येऊन सांगितली, की मागच्या रांगेतल्या दोन बायका रडल्या. "तो पूल खचणार हे त्या एका क्षणात ज्यांनी ओळखलं," त्या म्हणाल्या, "ते आज आपल्यात आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरे मान खाली घालून बसले होते.

मग दोरी सोडली गेली. फिटरने त्यांचा हात धरून त्यांना केबिनमध्ये चढवलं. बायको पायरीपाशी उभी राहिली. सासरे आपल्या जागेवर बसले. त्यांनी काट्यांकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहिलं नाही. डावा हात सरळ खिडकीच्या लोखंडी कठड्याखाली घातला आणि बोटांनी चाचपडू लागले. फिटरने डोळे मिटून घेतले.

त्याने एक डोळा उघडला. सासऱ्यांची बोटं एका जागी थांबली होती.

"बाळ," त्यांनी मुलीला हाक मारली, "वर ये. हात घाल इथे, कठड्याखाली. काय लागतं?"

ती चढली. तिने हात घातला. "खाचा आहेत. एक, दोन... तीन."

"कानशीने पाडल्यात मी. तुझी थोरली बहीण झाली तेव्हा एक. मधली झाली तेव्हा दुसरी." त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खाली वाकली आणि बापाच्या गळ्यात पडून पोरीसारखी रडली. फिटर काट्यांकडे बघू लागला, कारण त्याचंही तेच होत आलं होतं.

सासरे दारातून बाहेर डोकावले आणि माइकची वाट न बघता ओरडले, "हीच माझी गाडी!"

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, मग! तीस वर्षं इथेच तर आहे."

"कुठली? तीस वर्षं इथे दुसरीच उभी होती!"

लोक खो खो हसले. मॅडमही हसल्या. म्हाताऱ्याला विनोद छान जमतो, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मंडळी चहाकडे वळली. पाट्या पहिल्यांदा बसवल्या त्या वेळच्या साहेबांपुढे दोन सारखी इंजिनं आणि पोत्यात बांधून आलेल्या चार पाट्या असणार, आणि त्यांनीही दाराजवळचंच निवडलं असणार, हे फक्त फिटरला उमगलं.

केबिनमध्ये तिघंच उरले.

"पण बाबा," बायको डोळे पुसत म्हणाली, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत? खाचा दाखवल्या असत्या तर कुणी वेडं नसतं ठरवलं तुम्हाला."

सासऱ्यांनी बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "सरकारी मालमत्तेला कानस लावली, म्हणजे गुन्हा तो. पेन्शन बंद झाली असती तर? आणि त्या बिचाऱ्या जोडीदाराचा रिपोर्ट मीच केलेला. त्याला काय तोंड दाखवलं असतं?" मग ते जावयाकडे वळले. "जावईबापू, मी तुम्हाला पावडरवाला म्हणत आलो. चुकलं माझं. भलेभले साहेब फसले, आणि तुम्ही नुसत्या हाताने ओळखलीत. कशी ओळखलीत?"

सव्वीस वर्षांत सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. फिटरने ते क्षणभर तोंडात घोळवलं. बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला. मूग गिळून बसला असता तर जन्माची सोय झाली असती. पण म्हाताऱ्याने त्याच्यापुढे तीस वर्षांची चोरी उघडी केली होती.

"नाही ओळखली, मामा," तो म्हणाला. "रंगाऱ्याने खूण पुसली. ही दाराजवळ होती, म्हणून हिला आत आणलं."

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, इतके की त्यांना कठडा धरावा लागला.

"दाराजवळ होती म्हणून!" ते धापा टाकत म्हणाले. "बस इकडे. कुणाला सांगू नकोस. त्या पुरात मला पुढेच जायचं होतं. जोरात काढायची म्हणून जराशी मागे घेतली, तर गाडी मागेपुढे करायचा दांडा तिथेच अडकला. पुढे पडेचना. मग काय करतो? नेली मागेच. पूल पडला ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं."

मामा आपल्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले, हे फिटरच्या ध्यानात आलं. तो शेजारी बसला.

"म्हणजे मागच्या यार्डात होती ही, इतकी वर्षं?"

"हो. पोरं चढायची तिच्यावर. तुमची नात, आपली छकुली, लहानपणी हिच्यावरच खेळली."

"मग बरी होती," सासरे म्हणाले. कठड्याखाली त्यांची बोटं अजून फिरत होती. "कानस आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे खिशात. कशाला?"

"तीन पोरींच्या झाल्या. एक खाच तुझी राहिली."

फिटरने ताज्या रंगाकडे पाहिलं. चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं. बावीस वर्षं त्याने या इंजिनांवर कुणाला बोटाचा ठसा उमटवू दिला नव्हता. तो खाली उतरला, वॉचमनला चहा घेऊन यायला पाठवलं, 'हात लावू नये' ची पाटी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा वर चढला.

खाली बायकोने दोरी लावून घेतली. फोटो काढायला आलेल्या लोकांना ती हात आडवा करून सांगत होती, "जरा थांबा हं. आत दुरुस्तीचं काम चालू आहे."